उतराई

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मी सायकल गॅलरीत घेते आणि चटईवर उलटी करून ठेवते. ओल्या फडक्याने दोन्ही रिमा पुसायच्या, ब्रेकची रबरं सोडवायची, त्यांत रुतून बसलेले ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण जुन्या सुईने टोकरून काढायचे, तारा ओढून बघायच्या, आणि चाक गरकन फिरवून कान देऊन ऐकायचं. सगळं मिळून अर्धा तास लागतो. खाली मारेडपल्लीच्या रस्त्यावरची रहदारी तोवर ओसरलेली असते. लांबवर सिकंदराबाद स्टेशनात शिरणाऱ्या एखाद्या गाडीचा भोंगा ऐकू येतो. काम संपतं तेव्हा माझ्या बोटांना काळी पूड लागलेली असते. रबर आणि धातू एकमेकांना घासून झालेली ही पूड साबणाने लवकर जात नाही. नखांच्या कडेला ती रविवारभर राहते.

हा काळा रंग मी फार लहानपणापासून ओळखते. तो अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातांचा होता.

आजोबा नांदेडहून निजामाच्या रेल्वेत नोकरीला आले आणि सिकंदराबादचेच होऊन गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याची वाटणी झाली, नांदेड-परभणी मुंबई राज्यात गेली, आमचं घर इथेच राहिलं. घरात मराठी, अंगणात तेलुगू आणि बाजारात दखनी, अशा तीन भाषांत मी वाढले. अण्णा लालागुड्याच्या कॅरेज वर्कशॉपमध्ये ब्रेकच्या कामावर होते. १८९३ सालापासूनचं ते वर्कशॉप. रोज सकाळी भोंगा व्हायच्या आत ते काळ्या, जड सायकलवरून निघायचे, आणि संध्याकाळी परतले की मोरीत बसून नारळाच्या शेंडीने हात घासायचे. डब्यांच्या चाकांना बसणारे ब्रेकचे ओतीव लोखंडी ठोकळे झिजून त्यांची जी पूड होते, ती त्यांच्या तळहाताच्या रेषांत मुरलेली होती. घासून घासून हात लाल व्हायचे, रेषा मात्र काळ्याच राहायच्या.

गाडी थांबते कशी, असं मी एकदा विचारलं. मी सात-आठ वर्षांची असेन. अण्णांनी स्टीलचा पेला आणला आणि तो माझ्या तोंडाला लावून म्हणाले, "आतली हवा ओढ." मी ओढली. पेला गालांना चिकटला, हात सोडला तरी पडेना. "आता ओठ जरासे उघड." हवा आत शिरली आणि पेला खणकन फरशीवर पडला. तेव्हाच्या गाड्यांचे ब्रेक असेच होते. इंजिन सगळ्या गाडीभर गेलेल्या नळीतली हवा ओढून घेई, त्या निर्वातामुळे ब्रेक सुटलेले राहत. कुठे नळी फुटली, डबा सुटला, कुणी साखळी ओढली, की हवा आत घुसे आणि ब्रेक आपोआप चाकांवर बसत. म्हणजे काही बिघडलंच तर गाडी थांबणार, अशी ती रचना. "गाडी पळते ती ब्रेकच्या परवानगीने," अण्णा म्हणाले. "थांबणं हा तिचा मूळ स्वभाव. हे ज्याला कळलं त्याने खुशाल पळावं."

हे वाक्य अंगी लागायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली, आणि एक हाड मोडून घ्यावं लागलं.

आमचा सायकलवाल्यांचा गट रविवारी पहाटे अंधारात निघतो. गाड्यांना सायकली बांधून चेवेल्ल्यापर्यंत जायचं आणि तिथून पुढे पेडल मारत विकाराबाद. या रस्त्याच्या दोन्ही कडांना शेकडो जुने वड आहेत. उजाडता उजाडता त्यांच्या पारंब्यांखालून जाताना बोलणंसुद्धा आपोआप हलक्या आवाजात होतं. विकाराबाद सोडलं की अनंतगिरीचा चढ लागतो. सह्याद्रीच्या घाटापुढे तो लहानच, पण दख्खनच्या या सपाट, खडकाळ मुलखात आम्हाला तेवढाच डोंगर. दोन्ही बाजूंना दाट रान, वर अनंतपद्मनाभस्वामींचं देऊळ, वाटेत क्षयरोग्यांसाठी बांधलेलं जुनं रुग्णालय. फुप्फुसं सुधारायला माणसं ज्या हवेत येत, त्याच हवेत आम्ही धापा टाकत चढतो. चढावर माणूस सुरक्षित असतो. वेग ताशी नऊ-दहा किलोमीटर, लक्ष श्वासावर. पडलाच तर गुडघा खरचटेल इतकंच.

खरी परीक्षा वर पोचल्यावर सुरू होते. घाम वाळू लागतो, अंग हलकं होतं, मनात येतं की झालं, जिंकलं, आता नुसतं बसायचं. नेमक्या याच क्षणाला मी जपते. देवळापाशी पाच मिनिटं थांबते, पाणी पिते, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली पुन्हा ताणून बघते, दोन्ही ब्रेक एकेकदा दाबते, टायर बोटांनी चाचपते, चाकांच्या कळी घट्ट आहेत ना ते पाहते, थंडी असेल तर वाऱ्याचं जाकीट चढवते, कारण गारठलेली बोटं ब्रेकची दांडी वेळेवर ओढू शकत नाहीत. उतार सुरू होतो तिथे तेलुगूत पाटी आहे, वेग कमी ठेवा म्हणून सांगणारी. तिच्यावरचा शब्द मला फार आवडतो: नेम्मदिगा. म्हणजे हळू. पण तेलुगूत 'नेम्मदी' म्हणजे नुसता मंदपणा नाही, सौम्यपणा, शांतपणाही त्यात येतो. पलीकडे कन्नडमध्ये तर मनाच्या समाधानाला नेम्मदी म्हणतात. आपल्याकडच्या घाटात 'अति घाई, संकटात नेई' असं दटावलेलं असतं. इथली पाटी जणू डोक्यावरून हात फिरवून सांगते.

मराठीने उताराला किती अर्थ दिले आहेत! ताप उतरतो तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटतं. लेकराची दृष्ट उतरवतात. विषावर उतारा असतो. राग उतरतो, पूर उतरतो, चेहरा उतरतो, कसोटीला उतरलेला माणूस खरा समजतात, आणि देव खाली उतरतो तेव्हा त्याला अवतार म्हणतात. रेल्वेच्या जुन्या मराठीत प्रवाशाला उतारू म्हणत. चढून बसलेल्याला उतरायचं आहे हे भाषेने आधीच ओळखलं होतं. आणि या सगळ्या शब्दांच्या पाठीशी एक शब्द उभा आहे, उतराई. कुणी केलेल्या उपकाराची परतफेड करणं म्हणजे उतराई होणं. उतारावर सायकल सोडली की मला हा शब्द आठवतो. चढाचा वेग आपण आपल्या पायांनी कमावलेला असतो. उताराचा वेग डोंगराने उसना दिलेला असतो, आणि तो खाली पोचेपर्यंत पै-पैने फेडायचा असतो. रिमवर घासणारं रबर वेगाची उष्णता करून वाऱ्याला देऊन टाकतं. एकदम फेडायला गेलं की चाक अडकतं. फेडलंच नाही तर वसुली होते, आणि ती अंगावर होते.

माझी वसुली पसरणीच्या घाटात झाली. डिसेंबरातली सकाळ. पाचगणीहून वाईकडे उतरत होते. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पाचशे मीटरांहून जास्त अंतर आहे, आणि तेवढं सगळं डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत उतरायचं. खाली दरीत धोम धरणाच्या पाण्यावर ऊन पडलेलं, कानात वारा, डोळ्यांत पाणी. पहिली पाच-सहा वळणं अशी आली आणि गेली की मला वाटलं मी उतरत नाहीये, वाहते आहे. माझ्या नकळत मी ब्रेकवरची बोटं काढून घेतली होती. मग डावीकडचं एक वळण आलं. उन्हातून एकदम सावलीत शिरले, आणि डोळे सावलीला सरावायच्या आत दिसलं की कुठल्यातरी ट्रकमधून सांडलेली बारीक खडी वळणाच्या पोटात पसरली आहे. मी वळणातच, सायकल कललेली असताना, पुढचा ब्रेक करकचून दाबला. पुढे काय झालं ते तुकड्या-तुकड्यांत आठवतं. चाक खालून निघून गेल्याची जाणीव. हेल्मेट रस्त्यावर आपटल्याचा आवाज, नारळ फुटावा तसा. मग कठड्याचा पांढरा दगड तोंडापासून हातभर अंतरावर, आणि त्यावर चालणारी एक मुंगी. त्या मुंगीकडे मी किती वेळ पाहत होते कोण जाणे.

मागून स्ट्रॉबेरीच्या पेट्यांनी भरलेला टेम्पो आला. ड्रायव्हरने आधी गाडी वळणाच्या वरच्या अंगाला आडवी लावली, सोबतच्या पोराला झाडाची फांदी घेऊन उभं केलं, वरून येणाऱ्यांना दिसावं म्हणून, आणि मगच तो माझ्याकडे आला. हा क्रम मी विसरले नाही. माझा डावा खांदा खाली लोंबत होता. त्याने आपल्या गमछ्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि म्हणाला, "ताई, घाट कुटं पळून चाललाय व्हय?" रागावून नाही, मायेने म्हणाला. खाली वाईपर्यंत तो दुसऱ्या गिअरवर आला. मी कळवळत असतानाही विचारलं, एवढं हळू का. "ज्या गिअरवर चढायचं, त्याच गिअरवर उतरायचं. बापानं शिकवलंय." घाटातले जुने ड्रायव्हर हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून डिझेल वाचवू पाहणाऱ्यांचे ब्रेक तापून कसे निकामी होतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

कॉलरबोन मोडली होती. प्लास्टर नाही, नुसता पट्टा आणि सहा आठवडे विश्रांती. सिकंदराबादला परतले तेव्हा अण्णा ऐंशीचे होते. ते रागावले नाहीत. त्यांनी हेल्मेट मागितलं, चष्मा लावला आणि टाळूपासून कानापर्यंत गेलेल्या चिरेवरून अंगठा फिरवला, डब्याच्या चाकाला तडा गेलाय का बघावा तसा. मग विचारलं, "ब्रेक कधी लावलास?"

कसा लावलास, असं नाही. कधी.

"वळणात," मी म्हणाले.

"उशीर झाला," ते म्हणाले. आणि मग बोरघाटाची आठवण काढली.

लहानपणी आम्ही पुण्यावरून मुंबईला जायचो, तेव्हा लोणावळा सोडल्यावर गाडी मध्येच, ना फलाट ना गाव अशा ठिकाणी थांबायची. मंकी हिल, ठाकूरवाडी. लोक कंटाळायचे. अण्णा मला खिडकीशी घेऊन दाखवायचे: मुख्य रुळाला एक फाटा फुटून डोंगरावर चढत गेलेला आणि तिथेच संपलेला. घाटात दर ३७ फुटांना एक फूट असा तीव्र उतार. ब्रेक सुटलेली गाडी खाली धावत आली तर ती त्या चढत्या फाट्यावर जाऊन थांबावी, म्हणून तो सांधा मुळातच तिकडे वळवून ठेवलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने आधी पूर्ण थांबून दाखवायचं, ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध करायचं, मग तिला पुढची वाट मिळते. चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं देतात, उतरणाऱ्या गाडीला थांबे देतात. १८६३ साली तो लोहमार्ग सुरू झाला तेव्हापासून घाटाने रेल्वेला हेच शिकवलं आहे. "वळणात जाऊन ब्रेक शोधायचा नसतो," अण्णा म्हणाले. "वळण दिसलं की आधी हिशेब चुकता करायचा, मग आत शिरायचं."

रेल्वेची ती नळी सायकलला नाही, हे मला त्या सहा आठवड्यांत कळलं. सायकलच्या ब्रेकची तार तुटली तर ब्रेक लागत नाही, सुटतो. काही बिघडलं तर आपोआप थांबणारी कुठलीही व्यवस्था तिच्यात नाही. ती व्यवस्था चालवणाऱ्याच्या मनात असावी लागते. मग मी उतरणं नव्याने शिकायला बसले, पहिलीतल्या पोरीसारखी.

आधी हिशेब शिकले. ताशी ५० किलोमीटरने उतरताना एका सेकंदात १४ मीटर मागे पडतात, एस.टी.च्या लांबीपेक्षा जास्त. धोका दिसून बोटं हलेपर्यंत तेवढं तर असंच जातं. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर २५ च्या वेगात जी सायकल पाचएक मीटरांत थांबते, तिला ५० ला वीसएक मीटर लागतात. रस्ता ओला असेल तर रिमवरच्या ब्रेकला चाकाचे पहिले काही फेरे नुसतं पाणी पुसण्यातच जातात. सावलीतल्या वळणापलीकडे मला हे चौदा आणि वीस, असे चौतीस मीटर दिसतात का? दिसत नसतील तर तो वेग माझा नाही.

मग शरीर शिकवलं. हात हँडलच्या खालच्या वळलेल्या दांड्यांवर, दोन बोटं सदैव ब्रेकवर, कोपरं सैल, अंग मागे. थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, कारण वेग कमी होताना सगळा भार पुढे झुकतो. म्हणून त्याला घाबरून टाळायचं नाही आणि कधी आवळायचंही नाही. लिंबातली बी न फुटता रस यावा, तसा दाब वाढवत न्यायचा, दोन्ही हातांनी. सरळ रस्त्यावर वेग उतरवून घ्यायचा आणि वळणात सायकल मोकळी सोडायची. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, शरीराचं ओझं त्या पायावर, आतला गुडघा वळणाकडे. नजर वळण जिथे संपतं तिथे. दरीकडे पाहिलं तर दरीकडे जातो, खड्ड्याकडे पाहिलं तर खड्ड्यात. उजव्या वळणावर आतून कापण्याचा मोह होतो, तिथे समोरून वर चढणारी बस असते. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवायचा नाही, रिम तापून ट्यूब फुटू शकते. दाबायचा, सोडायचा, वाऱ्याला त्याचं काम करू द्यायचं. वेगात सायकल थरथरू लागली तर हँडल आवळायचं नाही, मधल्या दांड्याला गुडघे चिकटवायचे, सीटवरचं वजन हलकं करायचं, थरथर त्या गुडघ्यांत विरते. आणि पुढच्याच्या चाकाला चाक लावून उतरायचं नाही. चढावर सोबत जवळून करावी, उतारावर लांबून.

राणीगंजच्या बाजूला माझ्या सायकलचं काम करणारे एक वयस्क चाचा आहेत. दर वेळी सायकल हातात देताना ते म्हणतात, "अम्मा, जल्दी नक्को." गिअरबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. ब्रेकच्या तारा मात्र मागितल्या नसताना बदलून देतात.

जगातले सर्वांत चांगले उतरणारेही या हिशेबातून सुटलेले नाहीत. १९५१ च्या टूर द फ्रान्समध्ये पिवळी जर्सी घातलेला पहिला डच सायकलपटू विम व्हान एस्ट ऑबिस्क खिंडीच्या उतारावर सुमारे सत्तर मीटर खोल दरीत पडला. दोर पुरेना, तेव्हा संघातले टायर एकाला एक बांधून त्याला वर ओढलं. तो वाचला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता फाबियो कासार्तेली १९९५ साली पिरेनीज पर्वतातल्या पोर्ते दास्पेच्या उतारावर पडला आणि वाचला नाही. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. शर्यतींत हेल्मेट सक्तीचं व्हायला २००३ उजाडावं लागलं, आणि त्याआधी आंद्रेई किविलेव्ह या आणखी एका तरुणाला जीव गमवावा लागला. जून २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या आल्बुला खिंडीतून उतरताना जिनो मेडर गेला, सव्वीस वर्षांचा. ही नावं मी घाबरण्यासाठी आठवत नाही. वर देवळापाशी पट्टा ताणताना ती मनात येतात, आणि वाटतं, यांच्यापेक्षा मी काय वेगळी?

आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. किताब सुंदर आहे, आणि तो चढणाऱ्याला दिला जातो यात मोठं शहाणपण आहे. २०१७ साली इटलीच्या जिरो शर्यतीने सर्वांत वेगाने उतरणाऱ्यासाठी बक्षीस जाहीर केलं, तेव्हा सायकलपटूंमधूनच इतका विरोध झाला की शर्यत सुरू होण्याआधी ते मागे घ्यावं लागलं. उतरण्याला बक्षीस लावायचं नसतं. त्याच बोरघाटात जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणून लोक सांगतात. तिथे ट्रकवाले आजही नाणं टाकतात. मी त्यांच्याकडे पाहत उभी राहिले आहे. नाणं टाकायला काच खाली होते, हात कपाळाला लागतो, आणि तेवढ्यासाठी चाळीस टनांचा ट्रक क्षणभर मंदावतो. शिंग्रोबा असा रोज वाट दाखवतो.

अनंतगिरीहून आमच्याआधी आणखी कुणीतरी उतरतं. मुसी नदी याच टेकड्यांत उगम पावते आणि पूर्वेला हैदराबादकडे जाते. इथे ती इतकी लहान असते की पावसाळ्यानंतर झाडीत नुसता आवाज ऐकू येतो. पण २८ सप्टेंबर १९०८ ला हीच नदी शहरात घुसली आणि हजारो माणसं वाहून गेली. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंच आहे, तिच्यावर चढून दीडशे जण वाचल्याचं सांगतात. त्या पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं. मग शहराच्या वरच्या अंगाला मुसीवर उस्मानसागर आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर अशी दोन धरणं बांधली, १९२० आणि १९२७ साली पुरी झाली. परतीच्या वाटेवर उस्मानसागराचं, म्हणजे गंडीपेटचं, ते पाणी लांबून चमकतं तेव्हा अण्णांचा प्रश्न आठवतो. कधी? धरणं शहराच्या आधी बांधली, शहरात नाही. नदीलाही वळणाआधी ब्रेक लागला. आणि नदी त्यामुळे लहान झाली नाही. जिच्या पाण्याने शहर बुडालं होतं, तिचंच पाणी शहर कितीतरी वर्षं प्यायलं.

शेवटच्या वर्षांत अण्णांनाही उतारच सांभाळावा लागला. म्हातारपणाला आपण उतारवय म्हणतो, त्यात कमीपणा आहे असं मला पूर्वी वाटायचं. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिना चढताना अण्णांना कुणाचा हात चालत नसे, दम खात, कठड्याला धरून ते आपले आपण चढत. उतरताना मात्र पहिल्या पायरीशी थांबत. डावा हात कठड्यावर, उजवा माझ्या खांद्यावर, मोडून जुळलेल्या हाडावर. मग अंग जरासं तिरकं करून एक पाय खाली, तो पक्का टेकला की दुसरा त्याच पायरीवर. वळणाच्या चौथऱ्यावर पूर्ण थांबा. खाली कितीही घाई असली, रिक्षावाला हॉर्न वाजवत असला, तरी हा थांबा चुकत नसे. त्यांच्या हाताचं वजन माझ्या खांद्यावर कमी-जास्त होत राही, दाबायचं, सोडायचं, दाबायचं. बावीस पायऱ्या. इतकं देखणं उतरणं मी कुठल्याच घाटात पाहिलं नाही.

माझं सायकल चालवणं त्यांनी कधी बंद करायला सांगितलं नाही. त्यांची एकच अट होती. उतार संपला की फोन करायचा. अनंतगिरीच्या पायथ्याला चहाची टपरी आहे, तिथे पाय टेकले की मी फोन लावायचे.

"अण्णा, उतरले."

"रिमला हात लाव," ते म्हणायचे.

मी वाकून बोटं टेकवायचे. "गरम आहे."

"मग ठीक." आणि फोन ठेवायचे. उरलेल्या रविवारात त्यांना काळजी नसायची.

अण्णांना जाऊन आता चार वर्षं होतील. त्या नंबरवर उचलणारं कुणी नाही. गेल्या रविवारी आमच्या गटात एक कॉलेजातला मुलगा पहिल्यांदाच आला होता. वरून सगळ्यांच्या पुढे निघाला होता, पण मध्येच एका पाटीपाशी थांबून माझी वाट पाहत उभा राहिला, मग बरोबर माझ्यामागे, चांगलं अंतर राखून उतरला. टपरीपाशी आम्ही थांबलो. रानातून थंड वारा येत होता, चहा उकळत होता, कुठेतरी पाण्याचा बारीक आवाज चालू होता. नेहमीसारखी मी वाकले आणि पुढच्या रिमला बोटं लावली. तो पाहत होता. काही न विचारता त्यानेही आपल्या चाकाला हात लावला आणि माझ्याकडे वर बघितलं.

"गरम आहे," तो म्हणाला.

"मग ठीक," मी म्हणाले. आम्ही दोघांनी चहाचे पेले घेतले. पेल्याच्या काचेवर आमच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते.